तुर्कांचा ‘बे’ आणि आपला ‘राव’

प्रश्न : सध्या घरात सगळे डब केलेली तुर्की सिरीयल बघतोय, त्यात जो तो ‘उस्मान बे, उस्मान बे’ करत कमरेत वाकतो. आमच्याकडे मोठ्या माणसाला ‘बे’ म्हटलं तर कानाखाली आवाज निघेल! हा बे म्हणजे नक्की कोण, राजा की कलेक्टर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमच्या ‘काय बे’शी याचं काही नातं नाही हो, उच्चार तेवढा सारखा. मूळ शब्द ‘बेग’, म्हणजे टोळीचा सरदार. समरकंदचा राजा उलुग बेग, त्याच्या नावातला बेग तोच, आणि ‘बेगम’ हे त्याचंच बायकांसाठीचं रूप, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यापर्यंत हा शब्द कधीच येऊन पोचलाय.

राजा की कलेक्टर म्हणाल तर आधी राजा आणि मग कलेक्टर. 1300च्या आसपास अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, असे बरेच बे आपापली छोटी राज्यं सांभाळून होते, उस्मान त्यातलाच एक, पुढे त्याच्याच घराण्यातले लोक सुलतान झाले आणि मग बे म्हणजे सुलतानाने नेमलेला अंमलदार. ‘संजक’ म्हणजे झेंडा, आणि जिल्ह्यालाही संजकच म्हणायचे, त्याचा प्रमुख संजकबे. त्याच्यावर अख्ख्या प्रांताचा बेलरबे, म्हणजे बेंचा बे. कोण केवढा हे लांबूनच कळायचं, काठीला घोड्याच्या शेपटीचे केस बांधून ती पुढे मिरवायचे, संजकबेला एक शेपटी, बेलरबेला दोन आणि वजिराला तीन. लाल दिव्याची गाडीच म्हणा ना!

1934 साली तुर्कस्तानात कायदा करून बे, पाशा, एफेंदी असल्या पदव्या काढून टाकल्या. आता प्रांताला ‘वाली’ आणि तालुक्याला ‘कायमकाम’ असतो. पण बोलण्यातून बे काही गेला नाही, बँकेतल्या क्लार्कलाही ‘मेहमेत बे’ म्हणतात, बाई असेल तर ‘आयशे हानम’, आणि तेही पहिल्या नावापुढे, आडनावापुढे नाही. आपल्या ‘गणपतराव’सारखंच झालं की, राव म्हणजे मुळात राजा, पण आज गणपतरावांना कोणी राज्य विचारतं का?

प्रश्न : मग अल्जीरियाच्या इतिहासात ‘दे’ येतो ती छापायची चूक का?

उत्तर : नाही नाही, तो वेगळा. ‘दे’चा मूळ शब्द ‘दायी’, म्हणजे तुर्कीत चक्क मामा! अल्जीरिया तेव्हा नावाला तुर्की सुलतानाचा, पण राजधानी अल्जियर्सचा कारभार या मामांकडे, आणि कॉन्स्टंटाइन, ओरान वगैरे ठिकाणचे बे त्यांच्या हाताखाली. फ्रान्सने गव्हाचे पैसे वर्षानुवर्षं थकवले होते, त्यावरून 1827मध्ये बोलाचाली होऊन हुसेन दे ने फ्रेंच कॉन्सलला, म्हणजे तिथल्या फ्रान्सच्या प्रतिनिधीला, हातातल्या माश्या हाकलायच्या चवरीने फटकावलं, तेवढं निमित्त पुरलं, 1830ला फ्रेंच फौज उतरली आणि मामांचं राज्य गेलं. शेजारच्या ट्युनिसचे बे मात्र थेट 1957पर्यंत गादीवर होते, शेवटी शेवटी नावालाच, पण होते.