पोहता येत नसेल तर झांबेझीत कनू सफारी करावी का?

तुम्ही विचारलंय की झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या लोअर झांबेझीला जाणार आहात, तिथे नदीवर कनूची, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीची, सफर आहे. नवऱ्याला पोहता येतं, तुम्हाला येत नाही. तो म्हणतो, पाणघोडे आणि मगरी असलेल्या नदीत तू उतरू नकोस, लॉजवर थांब, मी जाऊन येतो. तर जावं का?

जा. अगदी नक्की जा. उत्तर एवढंच आहे, पण "तुला पोहता येत नाही, तू थांब" हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की एवढ्यावर थांबणं मला जमणार नाही.

मी मूळची सांगलीची. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट, त्यामुळे काही वर्षं आम्ही झांबियात मझाबुकाला काढली. काफुए नदीच्या पाण्यावर पिकणारा उसाचा मुलूख आहे तो. ही काफुए पुढे चिरुंडूजवळ झांबेझीला मिळते आणि तिथून खाली कनूच्या सफरी चालतात. डाव्या हाताला झांबियाचं लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यान, उजव्या हाताला झिम्बाब्वेचं मना पूल्स, जे १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मधून नदी, आणि नदीत बेटं, वाळूचे पट्टे, अरुंद फाटे. हत्ती एका देशातून दुसऱ्या देशात पोहत जातात. मी हे सगळं लाँचमधूनही पाहिलंय आणि कनूतूनही. लाँचचं इंजिन वाजत असतं, प्राणी लांबूनच सरकतात. कनूत आवाज फक्त वल्ह्याचा. काठावर शेंगा खाणाऱ्या हत्तीच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. लॉजवर थांबून हे मिळत नाही.

आता दादाबद्दल. माझा थोरला भाऊ पट्टीचा पोहणारा. महापुरात आयर्विन पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांमधला. वहिनी आणि मुलाला घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हा ही सफर ठरली. लुसाकाकडून चिरुंडूला उतरणारा घाट ट्रकांनी भरलेला असतो. त्या घाटात एका ट्रकमागे आम्ही अडकलो होतो, तापलेल्या ब्रेकचा वास गाडीत भरला होता, आणि दादा मला समजावत होता की तू आणि वहिनी काठावर बसा, पाण्यात आम्ही पुरुष जातो. कारण एकच, आम्हा दोघींना पोहता येत नाही. वहिनी काही बोलली नाही. मी बोलले.

काठावर गाइडने तासभर शिकवलं. तासभर म्हणजे खरंच तासभर, घाई नाही. वल्हं कसं धरायचं हे पाच मिनिटांत झालं, बाकी सगळा वेळ पाणघोड्यांवर. दिवसा ते खोल डोहात असतात, रात्री चरायला बाहेर पडतात. घाबरला की पाणघोडा खोल पाण्याकडे धावतो. धावतोच, कारण एवढं धूड तरंगत पोहत नाही, तळाला पाय लावून पळतं. म्हणून कनू नेहमी उथळ बाजूने न्यायची. त्याच्या आणि त्याच्या डोहाच्या मध्ये कधीही यायचं नाही. काठाच्या दरडीत जिथे त्यांच्या येण्याजाण्याने खाच पडलेली असते, तिच्यासमोर थांबायचं नाही, कारण एखादा अजून वर गवतात असला तर त्याची घरी जायची वाट तीच. गाइड मधूनमधून वल्ह्याच्या दांड्याने कनूच्या कडेवर ठोकतो. प्राण्यांना पळवायला नाही, त्यांनी डोकं वर काढून बघावं म्हणून. पाणघोडा काही मिनिटं श्वास धरून खाली राहतो. दिसणारा पाणघोडा परवडला, न दिसणारा नाही.

शेवटी त्याने विचारलं, इथे पोहता कुणाला येतं? दादाने आणि भाच्याने हात वर केला. गाइड म्हणाला, मग तुम्ही दोघं जास्त नीट ऐका.

दादाला ते तेव्हाच लागलं. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं की तो असं का म्हणाला. दुसऱ्या दिवशी कळलं.

तीन कनू, एकामागे एक. पहिलीत गाइड आणि वहिनी, दुसरीत माझा नवरा आणि भाचा, तिसरीत मी पुढे आणि दादा मागे. मागे बसणाऱ्याच्या हातात दिशा असते, ती दादाने मागून घेतली होती. काठाचं पाणी इतकं उथळ की कनूचा तळ वाळूवर घासायचा, मग नेट लावून ढकलावं लागायचं. दादा वैतागला होता. मधली धार मोकळी दिसतेय, हा माणूस आपल्याला चिखलातून का नेतोय, असं त्याचं मागून चालू होतं. एका बेटाला वळसा घालून अरुंद फाट्यात शिरलो. उजवीकडे काठाखाली डोह, त्यात पाणघोड्यांचा कळप. कान हलतायत, नाकपुड्यांतून फवारे उडतायत. गाइडने वल्हं आडवं वर धरलं, म्हणजे थांबा. आम्ही डावीकडच्या वेतासारख्या गवताला धरून थांबलो. तो डोकी मोजत होता. मोजून झाली तरी हलेना. परत ठोकलं, परत मोजलं. मघाशी होतं त्यातलं एक डोकं कमी होतं.

आम्ही बराच वेळ तसेच बसलो. ऊन मी म्हणत होतं, त्सेत्से माश्या कापडातून चावत होत्या. दादा म्हणाला, कंबरभर तर पाणी आहे, उतरून कनू ओढत नेऊया. मी म्हटलं, गाइड हलेपर्यंत हलायचं नाही.

तो वर आला तो आमच्या पुढे, फाट्याच्या उथळ भागात, जिथे असायला नको होता तिथे. एकटा नर होता. कळपातल्या मोठ्या नराने हाकललेले असे एकटे नर आडबाजूच्या पाण्यात असतात आणि तेच जास्त बेभरवशाचे. त्याने जबडा उघडला. फोटोत लोक त्याला जांभई म्हणतात, ती जांभई नसते, ती ताकीद असते. मग तो खाली गेला आणि पाण्यावर फुगवटा उठला. तो फुगवटा आमच्या दिशेने येऊ लागला. गाइड ओरडला, डावीकडे, काठाला, जोरात! मी वल्हं मारलं. कनू वळली नाही. मागे वळून बघते तर दादाचा एक पाय कनूच्या बाहेर, गुडघ्यापर्यंत पाण्यात, आणि कनू त्याच्या वजनाने कलंडलेली. तो उडी मारायच्या बेतात होता.

मी थोरल्या भावावर आयुष्यात कधी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले. "दादा, बस खाली!" तो बसला. दोघांनी मिळून कनू वाळूत घुसवली. फुगवटा आमच्या उजवीकडून गेला, वल्हं लांबवलं असतं तर लागलं असतं इतक्या जवळून, आणि डोहात शिरला. लाट कडेवरून आत आली, मांडीवरच्या पिशवीसकट मी भिजले. मग डोहातून त्या सगळ्यांचं ते घोगरं घॉं-घॉं-घॉं सुरू झालं, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

गाइडने आम्हाला त्या फाट्यातून पुढे नेलंच नाही. कनू रिकाम्या केल्या, वाळूच्या पट्ट्यावरून ओढत पलीकडच्या मोठ्या पात्रात नेल्या. तापलेल्या वाळूत तेवढं सामान वाहताना सगळ्यांचा जीव निघाला. त्याच वाळूवर, दादाने जिथे पाय टाकला होता तिथून थोड्याच अंतरावर, एक ओली खूण होती. मधोमध शेपटीची रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे, आणि पोट घासल्याचा गुळगुळीत पट्टा पाण्यात उतरलेला. गाइड काही बोलला नाही. त्याने वल्ह्याने ती खूण दादाला दाखवली आणि पुढे चालू लागला.

आता दादा गावाकडे हे कसं सांगतो ते ऐका. गाइड घाबरला, पाणघोडा नुसता बाजूने चालला होता, उगाच आम्हाला वाळूतून हमाली करायला लावली. दर दिवाळीला हेच. आणि त्यावर, "मी असतो एकटा तर पोहून पार झालो असतो."

दादा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहिते. पाणघोडा बाजूने गेला, बरोबर. का गेला? कारण आपण उथळात होतो आणि त्याचा डोह त्याला मोकळा होता. तू सकाळपासून म्हणत होतास त्या मधल्या धारेत आपण असतो तर तो बाजूने गेला नसता, आपल्यावरून गेला असता. आपल्याला चिखलातून नेणाऱ्या माणसाला ते माहीत होतं. वाळूतून ओढत नेणं हा घाबरटपणा नव्हता. ज्याला रोज त्याच नदीवर जायचंय, तो असंच वागतो.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ज्याला पोहता येतं त्याला संकटात पाणी ही सुटकेची वाट वाटते. पाय आपोआप बाहेर पडतो. ज्याला येत नाही त्याच्यासाठी कनू हीच जमीन, तो ती सोडत नाही. त्या नदीत पहिल्या क्षणी कनू न सोडणं हेच बहुतेक वेळा बरोबर असतं. कृष्णेचंच बघा. सांगली, भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरींनी माणसं धरली, ती पाण्यात उतरलेली माणसं. आणि आपली मगर झांबेझीतल्या नाईल जातीच्या मगरीपेक्षा लहान. तिथे चार-साडेचार मीटरची मगर सहज दिसते. ती पोहण्यात कुणालाच हार जात नाही.

धोका नाही असं मी म्हणत नाही. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया फॉल्सच्या वरच्या अंगाला पॉल टेम्पलर या गाइडच्या तांड्यावर पाणघोड्याने हल्ला केला. पाण्यात पडलेल्या सहकाऱ्याला वाचवायला गेलेल्या टेम्पलरचा हात गेला आणि तो सहकारी वाचला नाही. दोघंही नदीवर पोट भरणारी माणसं होती. म्हणजे सगळं नीट करूनही घडू शकतं. हे मान्य नसेल तर तुम्ही दोघंही लॉजवर थांबा, फक्त तुम्ही एकट्या नाही.

गाइड कोण, हे मात्र बुकिंगच्या आधी विचारा. झिम्बाब्वेत गाइडच्या परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि ती अवघड समजतात. झांबियाच्या बाजूला असाल तर गाइड त्या पट्ट्यावर किती हंगाम काम करतोय ते विचारा, कारण पाण्याबरोबर वाळूचे पट्टे सरकतात आणि पाणघोड्यांचे डोह बदलतात. काठावर शिकवायला दहा मिनिटंही न देणाऱ्याबरोबर जाऊ नका. मे ते जुलै बरा. ऑगस्ट-सप्टेंबरला समोरून वारा सुटतो, हात भरून येतात. ऑक्टोबरला पारा चाळीसच्या वर जातो आणि आतली पाणथळं आटल्यामुळे सगळे प्राणी नदीवर गोळा होतात. दिसतं भरपूर, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. हात पाण्यात सोडू नका. हात-तोंड धुवायचं तर घोटाभर स्वच्छ पाण्यात, मगाने, आणि दुसऱ्याने नजर ठेवायची. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा.

एक गोष्ट राहिली, ती लपवणार नाही. पाणघोड्याने कनू उलटवलीच तर गाइड सांगतात की कनूपासून लांब व्हा आणि जवळच्या काठाला लागा, कारण त्याचा राग कनूवर असतो. तेव्हा पोहता येणारा माणूस लवकर काठ गाठतो, हे खरं. त्यामुळे लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे घट्ट, आणि उन्हाने कितीही उकडलं तरी काढायचं नाही. गाइडला पहिल्या दिवशीच सांगा की मला पोहता येत नाही. चांगला गाइड तुम्हाला स्वतःच्या कनूत पुढे बसवतो. वहिनीला तसंच बसवलं होतं, आणि त्या दिवशी आम्हा सगळ्यांत कमी घाबरलेली तीच होती. गाइडने ठोकलं की तीही डोकी मोजायची.

आणि नवऱ्याला पोहता येतं हेही गाइडला सांगा. त्याच्यासमोरच सांगा.