रोपांची साल कुणी खाल्ली? औषधाआधी दाताची खूण बघा

प्रश्न (लांजा-राजापूर भागातून आलेले, एकत्र करून): डोंगरउतारावरच्या वरकस जागेत काजूची कलमे लावली आहेत. वरच्या अंगाला तोड झालेले ऐन-किंजळीचे रान पुन्हा फुटू दिले आहे. दिवाळीनंतर रोपांच्या बुंध्याची साल कुरतडलेली दिसते, काही उभ्या उभ्या वाळली. कोणते औषध टाकावे?

उत्तर: औषधाचे नंतर बघू. आधी खाली बसून बुंधा तपासा, कारण उंदराच्या नावाने आलेली तक्रार पुष्कळदा दुसऱ्याच कुणाची निघते.

जखम जमिनीलगत आणि दातांचे ओरखडे बारीक, वेडेवाकडे असतील तर उंदीर. रोप जरा ओढताच हातात आले, मुळे खालूनच तुटलेली आणि शेजारी ताज्या मातीचा ढीग, म्हणजे घूस. कोवळा शेंडा तिरपा, स्वच्छ कापलेला आणि आसपास गोल लेंड्या असतील तर ससा. दातांच्या खाचा रुंद, बुंध्याशी माती उकरलेली, नशिबाने एखादा काटाही पडलेला, तर साळिंदर. आणि भोकातून भुसा व डिंक येत असेल तर तो काजूचा खोडकिडा. त्याला जाळी बांधून काय होणार?

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो, त्यात बर्फाखाली रोपांची साल खाणारा युरोपातला ‘व्होल’ नावाचा उंदरासारखा प्राणी दाखवतात. तो आपल्याकडे नाही. पण तिथले वनवालेही पहिल्यांदा रोपाभोवतीचे गवतच काढतात, आणि तेवढे आपल्यालाही लागू आहे. आपण बेणणी करतो, पण कोयता कलमाला लागेल म्हणून नेमके बुंध्याजवळचे गवत ठेवतो. भातकापणीनंतर बांधावरचे उंदीर वर सरकतात, तेव्हा घुबडाच्या नजरेआड बसून खायला त्यांना हा आडोसा पुरतो. तेव्हा बुंध्याभोवती मीटरभर जागा हाताने साफ करा. पेंढा, पातेऱ्याचे आच्छादन जरूर घाला, पण बुंध्यापासून वीतभर लांब.

नवीन कलमांना बारीक छिद्राची लोखंडी जाळी गोल बसवा. दीड फूट उंची आणि चार-सहा इंच जमिनीत, नाहीतर घूस खालून येते. खोड जाडावले की जाळी सैल करा. बांबूचा पिंजरा गुरांसाठी ठीक, उंदीर त्यातून सहज जातो. अख्ख्या रानाला जाळी परवडणार नाही, म्हणून फुटव्यांपैकी जे वाढवायचे ठरवले आहेत त्यांच्याभोवतीच सफाई करा.

एवढ्यावर भागले नाही तर आमिष. संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा, सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू समजा. त्यांतच ब्रोमॅडिओलोन या उंदीरमार विषाच्या तयार वड्या आत सरकवून तोंड बंद करा. उघड्यावर विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड, धामण किंवा घरचे मांजर खाते, तेही त्या विषाने मरते आणि मग उंदीर आणखी माजतात. एकट्याने करून उपयोग नाही, कापणी झाल्यावर वाडीने मिळून एकाच आठवड्यात करा. झिंक फॉस्फाईड या दुसऱ्या उंदीरमार विषावर उतारा नाही, त्यामुळे रानालगत मी ते सुचवत नाही.

साळिंदर आणि ससा या दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. फासे, विष, गावठी बॉम्ब यांच्या भानगडीत पडू नका. करवंदीच्या फांद्यांचे दाट कुंपण करा, त्रास वाढला तर वनरक्षकाला कळवा.

आता जखमी रोपांचे. एका बाजूची साल शिल्लक असेल तर जखम स्वच्छ करून बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. साल चौफेर गेली असेल तर वरचा भाग वाचत नाही. ऐन, किंजळ, साग असेल तर जमिनीलगत तिरका काप द्या आणि येणाऱ्या फुटव्यांतला एक जोमदार राखा. काजूचे मात्र तसे नाही. फूट जोडाच्या खालून आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाची; वर बांधलेल्या वेंगुर्ला जातीची नव्हे. ती वाढवत बसू नका, त्याच खुंटावर चांगल्या झाडाची काडी आणून मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या खोडावरचे कलम) बांधून घ्या.