तापाची गन एकाच पोरीला कधी 97, कधी 100 दाखवते. भरवसा ठेवावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यावलजवळ राहता, बिनास्पर्शाचा थर्मामीटर ऑनलाइन मागवलाय. चार वर्षांची मुलगी ओट्यावर खेळून आली की तो 100.6 दाखवतो, आणि रात्री अंगाला चटका बसेल इतका ताप असताना 97.2. सासूबाई म्हणतात, हाताला कळतंच, हे कशाला? गन परत करू का?

एवढ्यावरून तरी परत करू नका. माझं भुसावळला मेडिकल आहे. उन्हाळा लागला की “गन खराब निघाली” म्हणत येणारं गिऱ्हाईक ठरलेलं. मी ती थोडा वेळ काउंटरवर सावलीत पडू देतो, सेल बदलतो, मग त्यांच्याच कपाळावर धरतो. बहुतेक वेळा गन ठणठणीत असते.

मुळात ही गन अंगातला ताप मोजत नाही. कपाळाच्या कातडीतून जी उष्णता बाहेर पडते, म्हणजे इन्फ्रारेड किरणं, ती पुढच्या भिंगातून आतल्या सेन्सरवर पडते आणि कातडीचं तापमान निघतं. धडधाकट माणसाचं कपाळ साधारण 33 ते 35 सेल्सिअस असतं, म्हणजे 91 ते 95 फॅरनहाइट. त्यात भर घालून, तोंडात थर्मामीटर धरला असता तर अंदाजे किती आलं असतं, तो आकडा गन पडद्यावर दाखवते. हा सगळा हिशोब माणूस बऱ्या हवेच्या खोलीत निवांत बसलाय असं धरून केलेला असतो.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला. गनसोबतचा कागद उघडून बघा, वापरायच्या जागेचं तापमान बहुतेक 16 ते 40 किंवा 10 ते 40 सेल्सिअस लिहिलेलं सापडेल. दुपारी पत्र्याच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून ओट्यावरच्या 100.6 चं मला काही वाटलं नाही, उन्हात तापलेलं कपाळ तेवढं दाखवणारच. धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर असेल तर मधली खोली यासाठी उत्तम, तिथे भर दुपारीही हवा बरी असते.

दुसरा घोळ कूलरचा. मूल कूलरसमोर झोपलेलं, कपाळावर गार ओला वारा, वर घामाचा ओलावा. घाम सुकताना कातडी गार होते, गन कमी दाखवते. ताप असलेल्या पोराच्या कपाळावर आपण ओली घडी ठेवतो आणि ती उचलून लगेच गन लावतो, तेव्हाही तेच. रात्रीच्या तुमच्या 97.2 मागे यातलं एखादं कारण असेल.

किंवा आणखी एक, आणि हे नीट लक्षात ठेवा. ताप चढत असतो तेव्हा थंडी वाजते, हातपाय गार पडतात. शरीर उष्णता आत कोंडून धरतं, कातडीकडचं रक्त कमी होतं. अशा वेळी पाठ-पोट भाजत असतं आणि गन कपाळावर 98 दाखवते. मागे एक मावशी नातवाला घेऊन दुकानात आल्या होत्या, म्हणाल्या, “आंग तापेल शे, नि हाई मशीन काय सांगस!” पोरगं कुडकुडत होतं. काखेत साधा डिजिटल लावला तर 102 च्या वर. सासूबाईंच्या हाताला आकडा कळत नाही हे खरं, पण तो पाठीवर नि पोटावर फिरतो, गन फक्त कपाळ बघते. त्यांच्याशी भांडू नका.

मोजायचं असं. मूल सावलीच्या खोलीत किमान पंधरा-वीस मिनिटं बसलेलं असावं, गनही तेवढा वेळ त्याच खोलीत पडलेली असावी. गाडीच्या डिकीतून काढली आणि लावली, असं नको. कूलर-पंख्याचा झोत बाजूला करा. कपाळावरचे केस, घाम, बाम, तेल, गंध पुसून घ्या आणि कपाळ कोरडं झाल्यावर, दोन्ही भुवयांच्या मधोमध, थोडं वर, गन सरळ धरा. तिरपी नको. अंतर कागदावर असेल तेच, बऱ्याच गनना 3 ते 5 सेंटिमीटर लागतं, म्हणजे दोन-तीन बोटं. हात हलू देऊ नका. लागोपाठ दोन-तीनदा घ्या. आकडे जवळपास आले तर ठीक, उड्या मारत असतील तर थांबून पुन्हा. कोरोनाच्या काळात दारावरचे वॉचमन मनगटावर टेकवायचे, ते विसरून जा.

बटणाकडेही बघा. बऱ्याच गनमध्ये अंग आणि वस्तू असे दोन मोड असतात, पडद्यावर माणसाचं किंवा डब्याचं चित्र येतं. पोरांनी खेळताना वस्तूचा मोड लावला की चांगल्या माणसाचं 93 दिसतं आणि घरात रडारड. सेल्सिअस-फॅरनहाइटही असंच बदललं जातं: 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2. भिंग धुळीने माखलं असेल तर स्पिरिटचा किंचित ओला कापूस फिरवून वाळू द्या. आणि कारखान्यातली, 300-400 डिग्री मोजणारी लाल ठिपक्याची गन कुणी स्वस्तात देत असेल तर अंगासाठी घेऊ नका, तिचा एक-दोन सेल्सिअसचा फरक यंत्राला चालतो, लेकराला नाही. किरणांनी मेंदूला काही होत नाही, गन किरणं सोडत नाही, घेते. लाल ठिपका असेल तर तो मात्र डोळ्यांवर नको.

मग गन कशाला ठेवायची? झोपलेल्या मुलाला न उठवता अंदाज घ्यायला. 99.5 च्या पुढे गेली, किंवा आकडा काही असो पण पोरगी मलूल वाटली, की साधा डिजिटल काढायचा. काख पुसून, टोक मधोमध ठेवून, हात अंगाशी दाबून बीप होईपर्यंत धरायचा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक डिग्री कमी येतो, म्हणून काखेत 99.5 च्या वर गेला की ताप समजा. डॉक्टरांना फोनवर सांगताना काखेतला की गनचा, तेही सांगा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ 100.4 ला पोचलं तर दुकानात माझ्याकडे औषध मागायला येऊ नका, थेट डॉक्टरकडे जा.

उन्हात राबून आलेला माणूस बरळायला लागला, झोकांड्या देतोय, शुद्ध हरपतेय, तर गन हातातही घेऊ नका. उष्माघातात आतलं तापमान 104 च्या पुढे असतं, आणि घामेजल्या कपाळावर गन काहीही दाखवेल. 108 ला फोन, सावली, अंगावर पाणी, वारा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आता पोरगी बरी असेल तर आज-उद्या सकाळी घरातल्या सगळ्यांचं एकाच खोलीत गनने मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. सासूबाईंचा आकडा तुमच्यापेक्षा थोडा कमी येईल, वय झाल्यावर तसं होतं. त्यामुळे त्यांना 99 आलं तरी एकदा साध्या थर्मामीटरने तपासा.