न्यू जर्सीत उन्हाळा सरताना कोणते पक्षी आणि फुले पाहावीत?

ऑगस्टच्या मध्यापासूनच बदल जाणवू लागतो. पाने रंगण्याची वाट पाहत राहिल्यास निम्मी गंमत निसटते. ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत नारिंगी फुलांचे ज्वेलवीड बहरते, जे आपल्या तेरड्याच्याच कुळातले असून त्याचीही पिकलेली बोंडे बोट लागताच फुटतात. त्याच्यापाशी थोडा वेळ स्तब्ध उभे राहिल्यास, दक्षिणेकडे निघण्यापूर्वी मकरंदावर ताव मारणारा लालकंठी हमिंगबर्ड दिसण्याची चांगली शक्यता असते. प्रौढ नर आधी निघून जातात, त्यामुळे सप्टेंबरात दिसणाऱ्या बहुतेकांचा गळा लाल नसतो. माळावर याच सुमारास पिवळा गोल्डनरॉड आणि जांभळे ॲस्टर फुलतात. (शिंका येऊ लागल्या की लोक गोल्डनरॉडला दोष देतात, खरा अपराधी असतो तो त्याच दिवसांत वाऱ्यावर पराग उधळणारा रॅगवीड.)

शिकारी पक्ष्यांसाठी मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात राज्याच्या दक्षिण टोकावरचे केप मे गाठावे. दक्षिणेकडे निघालेले ससाणे आणि शिक्रे डेलावेअर उपसागर ओलांडण्यापूर्वी या टोकाशी एकवटतात, आणि थंड हवेची लाट येऊन गेल्यावर वायव्येचे वारे सुटले, की त्यांची गर्दी विशेष वाढते.