दिवे लुकलुकतात, पण बिल निघेना

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. वर ऑफिस, त्यात दहा-बारा कॉम्प्युटर, आठ आयपी कॅमेरे, या सगळ्यांच्या वायरी जोडणाऱ्या स्विच नावाच्या दोन पेट्या. गेल्या आठवड्यात रंगकाम झालं, टेबलं हलली आणि तेव्हापासून सगळं ठप्प. इंटरनेट सोडाच, शेजारच्या प्रिंटरवर बिलसुद्धा निघत नाही. दुकानदार म्हणाला स्विच गेला, म्हणून नवा लावला. तरी तेच! दिवे मात्र सगळे जोरात लुकलुकतात. आता तो म्हणतो, मॅनेज्ड स्विच घ्या. खरंच लागतो का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, जुना स्विच भंगारात घालू नका, तो बहुतेक ठणठणीत आहे. नवा लावूनही तेच रडगाणं म्हणजे दोष पेटीत नाही, वायरीत आहे. टेबलं हलवताना कुणीतरी लोंबकळणारं टोक दिसलं म्हणून रिकाम्या पोर्टात खोचलं असणार, आणि त्याच वायरीचं दुसरं टोकही स्विचातच. नाहीतर दोन स्विचच्या मध्ये एकाऐवजी दोन वायरी पडल्या असतील. आम्ही याला लूप म्हणतो. उद्यमनगर काय, शिरोली काय, रंगारी येऊन गेला की असा एखादा फोन येतोच.

स्विच प्रत्येक येणाऱ्या फ्रेमवरचा, म्हणजे माहितीच्या पाकिटावरचा, पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा नंबर) वाचतो आणि तो कोणत्या पोर्टावर आहे ते आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्याची फ्रेम आली की फक्त त्याच पोर्टातून बाहेर काढतो. पत्ता तक्त्यात नसेल, किंवा फ्रेम सगळ्यांसाठीच असेल, तर आली ते पोर्ट सोडून बाकी सगळीकडे सोडतो. ‘हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारणाऱ्या फ्रेम कॉम्प्युटर दिवसभर पाठवत असतात. लूप असला की तशी एक फ्रेम एका टोकानं बाहेर पडून दुसऱ्यानं परत आत येते, पुन्हा सगळीकडे जाते, पुन्हा येते. फ्रेमच्या आतल्या आयपी पॅकेटला निदान टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो, प्रत्येक राउटरवर तो एकानं कमी होतो आणि शून्यावर पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेमला तसं काहीच नाही. गुऱ्हाळातला चरकाचा बैल दमतो तरी, ही दमत नाही. काही सेकंदांत सगळी लाइन तिनंच भरते आणि तुमचं बिल दारातच अडकतं.

तेव्हा आधी फुकटचा उपाय करा. दिवे सगळे एकदम, एकाच ठेक्यात पेटत असतील तर एकेक वायर काढत जा, कुठली काढली ते चिठ्ठीवर लिहा. ज्या वायरीला दिवे झटक्यात शांत होतील, ती गुन्हेगार. हे न करता थेट नवी पेटी विकणाऱ्याचं मला कौतुक वाटत नाही.

आता मॅनेज्डचं, म्हणजे ज्याची सेटिंग बदलता येतात त्या स्विचचं. एक घ्या, राउटरला जोडलेला मधला. दोन्ही नकोत. त्यात स्पॅनिंग ट्री असतं. संगणकतज्ज्ञ रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना रचलेली ही युक्ती जादा वाट ओळखून बंद ठेवते. त्यातला रॅपिड, म्हणजे आरएसटीपी, निवडा. जुन्या प्रकारात वायर लावल्यावर पोर्ट 30 सेकंद गप्प बसतं आणि सकाळी कॉम्प्युटर ‘आयपी मिळेना’ म्हणून ओरडतो. लूप साध्या स्विचच्या पोटात असेल तर तो साधा स्विच स्वतः काही करणार नाही, म्हणून मधल्या स्विचवर लूपबॅक डिटेक्शनही (लूप आलेलं पोर्ट ओळखणारी सोय) चालू करा. मग तेवढं एकच पोर्ट बंद पडेल, ऑफिस चालू राहील.

कॅमेऱ्यांसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क, करा. समजा, ऑफिसचा नंबर 10, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर यांचा 20. त्यांची पोर्टं त्या त्या नंबरवर अनटॅग्ड (फ्रेमवर नंबर न लावता) ठेवायची, राउटरकडे जाणारं पोर्ट दोन्हींसाठी टॅग्ड (नंबर लावून). राउटरला व्हीलॅन कळतो ना, हे खरेदीआधी विचारा. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचं तर वाट राउटरमधूनच. साधा स्विच एकाच व्हीलॅनच्या पोर्टावर लावा, त्याच्यावर कॅमेरे आणि कॉम्प्युटर मिसळू नका.

पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. आणि सगळं झाल्यावर सेव्ह दाबा. बऱ्याच स्विचवर ‘अप्लाय’ वेगळं आणि ‘सेव्ह’ वेगळं असतं. सेव्ह राहिलं की लाइट गेली, आली, आणि सगळी मेहनत पुसली.

प्रश्न : गिगाबिट स्विच घेतला, पण एकाच कॉम्प्युटरला 1000 ऐवजी 100 एमबीपीएसचाच स्पीड दाखवतो. नेटवर्क कार्ड बदलू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी वायर बदलून बघा. 100 ला वायरीतल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्या जादा दोन जोड्यांतली एखादी तार क्रिंपिंगमध्ये, म्हणजे कनेक्टर दाबून बसवताना, नीट बसली नसेल तर दोन्ही बाजू मुकाट 100 वर येतात. शेजारच्या कॉम्प्युटरची चांगली वायर लावून 1000 आला, तर टोक कापून नवा कनेक्टर मारून घ्या.