नव्या श्रवणतज्ज्ञाला पत्र

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

यंत्रं तुला माझ्याहून चांगली कळतात, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहीत नाही. समोर कर्णबधिर माणूस येऊन बसतो, तेव्हाचं लिहितो.

कुठला आवाज ऐकू यायला किती डेसिबल लागतात, एवढं ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, सांगतो. हा माणूस सांकेतिक भाषेत वाढलाय का, आपल्याकडे कशासाठी आलाय, हे विचारावंच लागतं. कुणाला फक्त दाराची बेल कळली तरी पुरे असते, कुणाला नुसता दिव्यांगत्वाचा दाखला हवा असतो. त्यांच्या गळ्यात श्रवणयंत्र मारू नकोस.

त्यांचा आपल्यावर चटकन विश्वास बसला नाही तर रागावू नकोस. १८८० साली मिलानमध्ये कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करायचा ठराव केला आणि पुढे कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी हातांनी बोलल्याबद्दल शिक्षा भोगल्या. तो ठराव त्याच परंपरेतल्या परिषदेने फेटाळला तो थेट २०१० साली, व्हँकुव्हरला. हे सगळं त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. आपल्या अभ्यासक्रमात ते ओझरतं येतं, याचं मला वाईट वाटतं.

‘ओठ वाचतील की’ यावर विसंबू नकोस. आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघ. ओठ तिन्ही वेळा तसेच हलतात. खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, चेहरा काळोखात जातो. कानातलं यंत्र काढून घेण्याआधीच सगळ्या सूचना देऊन टाक. दुभाषा असेल तर ‘त्यांना विचारा’ असं त्याला सांगू नकोस. रुग्णाकडे बघून थेट विचार. आणि सोबत आलेल्या शाळकरी लेकराला दुभाषा करू नकोस. आईच्या आजाराचं ओझं त्याच्यावर टाकायचं नसतं.

सगळ्यात जपून बोलायचं ते तान्ह्या बाळाच्या आईबापांशी. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्यांच्या घरी जन्मतात आणि त्या घराला भेटणारा पहिला जाणकार बहुधा तूच असतोस. यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवतात ते), सगळं नीट समजावून सांग. पण ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही’ असं चुकूनही म्हणू नकोस; त्याला आधार नाही. यंत्र बसून, त्याची सवय होऊन, आवाजाचा अर्थ लागेपर्यंत महिनोन्‌महिने जातात, आणि भाषा सहज रुजायची वर्षं तेवढ्यात सरत असतात. सांकेतिक भाषा मात्र बाळाला आजपासून डोळ्यांनी मिळते. इम्प्लांट करायचं ठरलं तरीही.

त्या आईबापांना एखाद्या मोठ्या, कमावत्या कर्णबधिर माणसाची भेट घालून दे. आपलं मूल पुढे कसं जगेल, हे त्यांना तुझ्या आलेखापेक्षा त्या तासाभरात जास्त कळेल. अशा दोघा-चौघांशी आत्ताच ओळख करून घे आणि सांकेतिक भाषेचा वर्ग लाव. शिकवणारी व्यक्ती कर्णबधिरच असावी, एवढं बघ.

तुझा,
एक जुना सहकारी