वाचकांचे प्रश्न : कुजणे वेगळे, सडणे वेगळे

प्रश्न : दोन महिन्यांपासून आम्ही भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा खतासाठी झाकणाच्या बादलीत साठवत आहोत. पाणी गळून फरशी खराब होऊ नये म्हणून बादलीला भोके पाडलेली नाहीत. आता आत काळा चिखल झाला आहे आणि झाकण उघडले की नाक धरावे लागते. हे सारे फेकून द्यावे काय?

उत्तर : मुळीच फेकू नये. आपल्या बादलीत कचरा कुजलेला नसून सडलेला आहे. कुजण्याचे काम हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरश्या करतात व त्याला दुर्गंधी येत नाही. परंतु हवा मिळेनाशी झाली की त्यांची जागा हवेविना जगणारे जिवाणू घेतात, आणि त्यांच्या हातून नासक्या अंड्यासारखा वास असलेला वायू व आंबूस आम्ले तयार होतात. भाज्या आणि फळे यांच्या वजनात बहुधा ८० ते ९० टक्के पाणीच असते. ते सुटून तळाशी साचले आणि कचऱ्यातल्या पोकळ्या त्याने भरून टाकल्या, तेव्हाच हवेची वाट बंद झाली.

यावर उपाय आहे तो सुक्या कचऱ्याचा. सगळा चिखल एखाद्या जुन्या पत्र्यावर पसरून त्यात मापाने दुप्पट वाळका पालापाचोळा किंवा हाताने फाडलेला पुठ्ठा मिसळावा. बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोके पाडून ती दोन विटांवर ठेवावी आणि खाली ताट ठेवावे, म्हणजे फरशीचीही काळजी मिटेल. तळाशी बारीक काटक्यांचा चार बोटे जाडीचा थर देऊन मग हे मिश्रण भरावे आणि आठवड्यातून एकदा खालवर करावे. यापुढे ओंजळभर ओला कचरा पडला की त्यावर दोन ओंजळी सुका पडलाच पाहिजे.

या प्रमाणामागे हिशोब आहे. जिवाणूंना ऊर्जेसाठी कर्ब (कार्बन) आणि वाढीसाठी नत्र (नायट्रोजन) लागते; वजनाने नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग असले की त्यांचे काम उत्तम चालते. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असते, वाळक्या पानांत ४० ते ८०. लाकडाच्या भुशात मात्र ते काहीशेवर जाते, म्हणून भुसा मुठीमुठीनेच घालावा; पोतेभर ओतला तर ढीग वर्षभर जसाच्या तसा बसून राहतो. मोजमापाची दगदग नको असेल, तर मूठभर मिश्रण घट्ट पिळून पाहावे. दोन-चार थेंब सुटले तर ओलावा योग्य आहे, धार लागली तर सुके कमी पडले आहे आणि मूठ उघडताच सारे भुरभुरले तर पाण्याचा शिपका हवा आहे.

प्रश्न : खताचा ढीग गरम झाला पाहिजे असे वाचनात आले. आमचा पिंप हाताला गारच लागतो. मग खत होत नाही असे समजावे काय?

उत्तर : खत होते, फक्त सावकाश होते. ढीग तापतो तो जिवाणूंच्या उष्णतेने, आणि ती उष्णता आत टिकायला ढिगाची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी मीटरभर तरी लागते. तेवढा ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. पिंपातली उष्णता बाजूंनी निघून जाते. गार ढिगातले खत हलक्या प्रतीचे नसते. मात्र तणांचे बी आणि झाडांवरील रोगजंतू त्यात मरत नाहीत, त्यामुळे बी धरलेले तण किंवा रोगट पाने पिंपात घालू नयेत.

प्रश्न : खतात करड्या रंगाच्या जाड अळ्या झाल्या आहेत. औषध मारावे का?

उत्तर : मारू नये. वर्णनावरून त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या असाव्यात. त्या ओला कचरा झपाट्याने संपवतात, झाडाच्या मुळांना त्रास देत नाहीत, आणि ही माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही. किळस वाटत असेल तर वर सुक्या पानांचा जाड थर घालावा.

प्रश्न : बाजारातले जिवाणूंचे विरजण घालणे आवश्यक आहे काय?

उत्तर : नाही. आधीच्या खताची ओंजळ किंवा बागेतली मूठभर माती पुरते.

प्रश्न : घरी केलेले खत काळे दिसू लागताच कुंड्यांत निम्मे माती व निम्मे खत असे भरून रोपे लावली. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली. चूक कोठे झाली?

उत्तर : घाई झाली. काळा रंग लवकर येतो, पण खत आतून अजून कुजतच असते. असे अर्धे कच्चे खत मातीत गेले की त्यातले जिवाणू उरलेला कर्ब पचवण्यासाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. शिवाय कच्च्या खतातली आम्ले कोवळ्या मुळांना पोळतात. म्हणून कचरा ओळखू येईनासा झाल्यावरही ते महिनाभर सावलीत, किंचित ओलसर ठेवून मुरू द्यावे. मुरले की नाही हे पाहण्यासाठी थोडे ओले खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावे. उघडल्यावर मातीचा वास आला तर ते तयार आहे, आंबूस आला तर नाही. तयार खतही कुंडीत निम्मे नको, एकूण मापाच्या पाव ते तृतीयांश पुरे.

सध्याची रोपे वाचवायची असल्यास ती हलकेच उपटून मुळे पाण्यात धुवावीत आणि साध्या मातीत लावावीत. काढलेले मिश्रण वाया जात नाही: मोठ्या झाडांच्या बुंध्यापासून वीतभर दूर ते जमिनीवर नुसते पसरावे, मातीत मिसळू नये. वरच्या वर ते कुजत राहील आणि ओलही टिकवील.